सायको वेगळी, मेडिकल वेगळं

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एक वहिनी संध्याकाळी घरी आल्या. दाराशीच थांबल्या, आत या म्हटलं तरी येईनात. मग हळूच म्हणाल्या, "दादा, खरं सांगा. पोरगं रेल्वेच्या सायकोत नापास झालं. म्हणजे डोक्यात काही हाय का त्याच्या? मिरजेला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यावं का?"

त्यांच्या थोरल्यानं असिस्टंट लोको पायलटची, म्हणजे सहायक इंजिनचालकाची भरती दिली होती. दोन्ही लेखी पार केल्या आणि तिसऱ्या टप्प्यात अडकला. घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. धाकटा आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा बलाची तयारी करतोय. थोरल्याचं हे असं झालेलं बघून त्यानं एका क्लासमध्ये 'सायको बॅच'ला चार हजार रुपये भरले होते. आरपीएफच्या भरतीत सायको हा टप्पाच नाही.

एकाच घरात एकाच शब्दामुळे दोन नुकसानं झाली. सांगलीच्या अभ्यासिकांतून, तासगाव-विट्याच्या अकॅडम्यांतून हा गोंधळ मी इतक्या वेळा ऐकलाय की आता एकदा सविस्तर लिहायचंच ठरवलं.

मेडिकलबद्दल फार सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. सैन्यभरतीच्या गावांत वाढलेल्या पोराला उंची, छाती, गुडघे, तळवे हे पाढ्यांसारखं पाठ असतं. सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात, कॉन्स्टेबल जीडी (जनरल ड्युटी) म्हणून जायचं तर पुरुषांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत पळायचं असतं. आरपीएफ कॉन्स्टेबलला १६०० मीटर ५ मिनिटं ४५ सेकंदांत. त्यानंतर डॉक्टर. फक्त एक लक्षात ठेवा: मैदानावरची मोजमापं म्हणजे मेडिकल नव्हे. टेप लावून छाती मोजली आणि पास म्हणाले, एवढ्यानं मेडिकल झालं असं समजून पेढे वाटणारी घरं मी पाहिली आहेत. मेडिकल त्यानंतर होतं. तिथे कान, दात, डोळे, रक्तदाब, हर्निया, शिरा फुगणं असं सगळं बघतात आणि उत्तर एकाच शब्दात येतं, फिट किंवा अनफिट.

आता सायको.

या शब्दानं घोळ घातलाय, कारण आपल्याकडे 'सायको' म्हणजे वेडा. कॉलेजच्या कट्ट्यावर एकमेकांना हाक मारायला वापरतात तो शब्द. रेल्वेत मात्र 'सायको' हे एका परीक्षेचं बोलीतलं नाव आहे. तिचं खरं नाव कॉम्प्युटर बेस्ड अॅप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे सीबीएटी. ती घेतात लोको पायलट आणि स्टेशन मास्तरसारख्या पदांसाठी. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेनं ठरवून दिलेल्या चाचण्यांवर ती चालते. असिस्टंट लोको पायलटसाठी पाच चाचण्या असतात: स्मरण, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि झटकन ओळखणं. यातल्या एकीतही 'तुम्हाला रात्री झोप लागते का', 'मनात वाईट विचार येतात का' असलं काही विचारत नाहीत. आजार शोधणं हे या परीक्षेचं कामच नाही. इंजिनात बसल्यावर जे काम करायचं, त्याला लागणारी नजर आणि चपळाई या माणसात आज किती आहे, एवढंच ती मोजते.

वहिनींना हे तोंडी सांगून पटेना. मग घरातल्या काडेपेट्या गोळा केल्या. टेबलावर खाली तीन पेट्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या. वर, सांध्यावर सांधा न येईल अशा दोन, आणि त्यांच्यावर एक. गवंडी विटा रचतो तसं. खालच्या ओळीतल्या मधल्या पेटीवर बोट ठेवून विचारलं, "हिला किती पेट्या टेकल्यात?"

"दोन. हिकडची अन् तिकडची."

"वर बघा."

त्या वाकल्या, बाजूनं बघितलं. "अगं बाई, वरच्या दोन बी टेकल्यात की. चार."

खोलीच्या अंदाजाची चाचणी याच जातीची असते. पडद्यावर विटांचा ढीग दाखवतात, त्यातल्या काही विटांवर खूण असते, आणि त्या विटेला किती विटा टेकतात ते सांगायचं. फरक एवढाच की इथं वाकून बघता येत नाही आणि घड्याळ चालू असतं. वहिनी बराच वेळ त्या पेट्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ह्यात चुकला तो?" मी म्हटलं, यातच किंवा असल्याच दुसऱ्या एखाद्यात. तेव्हा कुठं त्या खुर्चीवर बसल्या.

या तऱ्हेच्या चाचण्या शंभरेक वर्षांपूर्वी ट्राम चालवणाऱ्यांसाठी निघाल्या. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये ट्रामखाली माणसं येत होती. हार्वर्ड विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यानं १९१२ च्या सुमारास ट्रामचालकांसाठी एक चाचणी तयार केली. लांबट कार्डावर मधोमध ट्रामचे रूळ, दोन्ही बाजूंना चौकटी आणि चौकटींत आकडे. १ म्हणजे पायी चालणारा माणूस, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटार. काळा आकडा रुळाला समांतर जाणारा, लाल आकडा रूळ ओलांडायला येणारा. लाल १ एक घर सरकतो, लाल २ दोन घरं, लाल ३ तीन घरं. यातला कोणता नेमका रुळावर येऊन पडणार, ते चालकानं भराभर ओळखायचं. 'तू वेडा आहेस का' हा प्रश्न त्यानं विचारलाच नाही. गर्दीतून धोका वेगळा काढता येतो का, एवढंच तपासलं. आपल्या लोको पायलटची परीक्षा त्याच वाटेवरची आहे.

दुसरा अडणारा मुद्दा आकड्याचा. "सायकोला ४२ टक्के लागतात" हे वाक्य मी ऐकलं की मला राग येतो, कारण पोरं त्याच्यावर विसंबून बसतात. ४२ हे टक्के नाहीत, तो टी-स्कोअर आहे. टी-स्कोअरमध्ये सगळ्यांची सरासरी ५० वर आणतात आणि तुम्ही त्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहात ते १० च्या मापानं मोजतात. म्हणजे ४२ हा सरासरीपेक्षा थोडाच खाली आहे. शंभरातले बेचाळीस सोडवले की झालं, असं गणित करून जाणारा फसतो. त्यातही ४२ हा पाचही चाचण्यांत स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. चार चाचण्यांत ६५ मिळाले आणि पाचवीत ४१, तर तो बाहेर. यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. पाचही पार केल्या तर मग गुणवत्ता यादीत दुसऱ्या लेखीचे ७० टक्के आणि या परीक्षेचे ३० टक्के धरतात. सायकोत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे रिकामं काही सोडू नये. आणि सायको पास झालेल्याचंही मेडिकल बाकीच असतं. लोको पायलटचा दर्जा ए-१, त्यात चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६ लागतं. पाचही चाचण्या उत्तम देऊन डोळ्यांवर अडकलेली मुलं आहेत.

मग आरपीएफ आणि सीआयएसएफच्या मुलांच्या डोक्यात सायको शिरली कशी? माझ्या मते आपल्या एका शब्दामुळे. मराठीत 'सुरक्षा' म्हटलं की अपघात न होणंही आलं आणि चोर-दहशतवाद्यांपासून राखणंही आलं. रेल्वेच्या हिंदीत हे दोन वेगळे शब्द आहेत. अपघात टाळणारी ती 'संरक्षा', आणि माणसांपासून राखणारी ती 'सुरक्षा'. सायको आहे ती संरक्षेच्या पदांना, म्हणजे गाडी चालवणाऱ्या आणि गाडी सोडणाऱ्याला. रेल्वे सुरक्षा बल हे सुरक्षेचं. २०२४ मध्ये आरपीएफनं ४२०८ कॉन्स्टेबलांची भरती काढली. तिचे टप्पे होते संगणकावरची लेखी, शारीरिक चाचणी व मोजमाप, कागदपत्रं आणि मेडिकल. विमानतळावर जो सीआयएसएफचा जवान दिसतो, त्याच्या कॉन्स्टेबल जीडी भरतीतही लेखी, शारीरिक आणि मेडिकल एवढंच असतं. विटांचा ढीग कुठेच नाही. साताऱ्याच्या सैनिक शाळेकडून येणारी मुलं तिसऱ्याच एका सायकोबद्दल बोलतात. ती सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या एसएसबी या निवड मंडळाची: चित्र बघून गोष्ट लिहा, शब्द बघून वाक्य लिहा. तिचा या दोन्ही भरत्यांशी संबंध नाही. तिच्या वह्या आरपीएफसाठी घासू नका.

सुरक्षेच्या नोकरीत मनाची तपासणी होतच नाही, असा याचा अर्थ नव्हे. होते, पण ती मेडिकलच्या आत होते आणि तिला गुण नसतात. डॉक्टर तुमच्याशी बोलतो. फिट्स येत होत्या का, मानसिक आजाराचे उपचार झालेत का, झोप, व्यसन, घरात कुणाला काही होतं का, हे विचारतो. तुम्ही कसे बोलता, कसे उभे राहता ते बघतो. शंका आली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो. हातात शस्त्र द्यायचं आहे, रात्री एकट्यानं उभं करायचं आहे, तर हे विचारणं रास्त आहे. म्हणून हे नीट समजून घ्या: सायको ही स्पर्धा आहे, तिथे कमी पडलेला माणूस पूर्ण निरोगी असू शकतो आणि पुढच्या भरतीत पुन्हा बसू शकतो. मेडिकलमधली मनाची तपासणी ही आजाराची चौकशी आहे, तिथे हुशारीचा संबंध नाही. आणि सीआयएसएफच्या मेडिकलमध्ये अनफिट आलात तर फेरतपासणी मागता येते. दुसऱ्या मंडळापुढे एकदाच संधी, आणि त्यांचा निर्णय अखेरचा. कमी टी-स्कोअरवर तसली फेरतपासणी नाही. 'सायकोचं री-मेडिकल करून देतो' म्हणून पैसे मागणारा भेटला तर सरळ उठून या.

या गोंधळातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते, ती गोळ्यांची. मेडिकलमध्ये 'सायको' काढतील या भीतीनं मुलं चालू औषधं बंद करतात. आमच्या ओळखीतल्या, तासगावकडच्या एका मुलाला लहानपणापासून फिट्सच्या गोळ्या होत्या. रक्तात सापडतील असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्यानं मेडिकलच्या दहा दिवस आधी कुणाला न सांगता बंद केल्या. सकाळी पळायला गेला आणि मैदानावरच झटका आला. दोन दात गेले, खांदा निखळला. फिट्सच्या गोळ्या एकदम थांबवल्या की झटक्यामागून झटका येऊ शकतो, जीव जाऊ शकतो. नैराश्याच्या गोळ्याही एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असा त्रास होतो. आणि लपवून काही साधत नाही. मेडिकलच्या वेळी तुम्ही लेखी देता की मी काही लपवलेलं नाही. ते खोटं निघालं तर लागलेली नोकरीही जाते. फिट्स असतील तर ही शस्त्राची नोकरी आपल्यासाठी नाही हे कडू आहे, पण ते दहावी-बारावीतच घरात बोललं पाहिजे. दुसऱ्या चांगल्या नोकऱ्या आहेत. मन खचलं असेल, बोलायला कुणी नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे.

डोळ्यांचं थोडक्यात. रंगांधळेपणासाठी इशिहाराची ठिपक्यांची पानं दाखवतात. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरनं १९१७ मध्ये ती केली. पहिल्या पानावर १२ असतो आणि तो रंगांधळ्यालाही दिसतो. काही क्लास बाकीची पानं क्रमानं पाठ करून घेतात. मला हे अजिबात मान्य नाही. विमानतळावर बॅगेचा एक्स-रे पडद्यावर येतो तेव्हा कापड, कागद, अन्न, स्फोटकं अशा वस्तू नारिंगी दिसतात, धातू निळा आणि मिसळलेलं हिरवं. ज्याला नारिंगी आणि हिरव्यातला फरक कळत नाही त्याला त्या खुर्चीवर बसवायचं का, याचं उत्तर प्रत्येकानं स्वतःची आई त्या विमानात बसलीय असं धरून द्यावं. जन्मजात रंगांधळेपणावर इलाज नाही. त्यासाठी विकले जाणारे थेंब आणि चष्मे घेऊ नका.

माझा आग्रह एकच. क्लासची पावती फाडायच्या आधी सिव्हिलमध्ये केसपेपर काढा, डोळे आणि रंग तपासून घ्या, तळवे आणि गुडघे दाखवा. आरपीएफच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की चष्मा, सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणं, तिरळेपणा, रंगांधळेपणा चालत नाही. दोन वर्षं पळून झाल्यावर हे कळण्यात काय अर्थ आहे?

वहिनींच्या धाकट्यानं दुसऱ्याच दिवशी सिव्हिल गाठलं. त्यानं १२ वाचला, पुढचीही सगळी पानं वाचली. तळव्यांना कमान आहे. थोरल्यानं काडेपेट्या स्वतःच्या खोलीत नेल्या आहेत, रोज रात्री आई ढीग रचते आणि तो मोबाइलवर वेळ लावून मोजतो. 'सायको बॅच'चे चार हजार अजून परत मिळालेले नाहीत. सोमवारी धाकट्यासोबत त्या क्लासमध्ये मी जाणार आहे, आरपीएफच्या जाहिरातीतलं टप्प्यांचं पान छापून घेऊन.