‘विधेयक आलंय म्हणे!’ : नूतनीकरण थांबवण्याआधी एवढं वाचा

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की परवाने, नोंदणी आणि विवरणपत्रांची कामं करणाऱ्या आमच्या ऑफिसचा फोन थांबत नाही. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात, म्हणजे वर्षातून तीनदा हा हंगाम येतो. प्रश्न साधारण एकच असतो: "नवीन कायदा आलाय ना साहेब, मग आपलं ते रजिस्ट्रेशन आता करायची गरज नाही ना?" सोबत व्हॉट्सॲपवर फिरणारा बातमीचा फोटो, बहुतेक वेळा तारखेची ओळ कापलेला. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा लिहून हातात द्यावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. दुकानदार, अडते, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर या सगळ्यांसाठी ते आहे. आपापल्या धंद्यापुरतं वाचलंत तरी चालेल, पुढचा परिच्छेद मात्र कोणी गाळू नये.

मंत्र्यांनी घोषणा केली, मंत्रिमंडळाने मान्यता दिली, सभागृहात विधेयक मांडलं गेलं. या तिन्हींपैकी कशानेही तुमचं आजचं बंधन सुटत नाही आणि नवं बंधनही लागत नाही. आमच्या ग्राहकांना सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे बातमी वाचून चालू काम थांबवणं. नूतनीकरणाची तारीख जाऊ देतात, कपात बंद करतात, विवरणपत्र ठेवून देतात आणि दोन महिन्यांनी आमच्याकडे येतात. तोवर कायदा आलेला नसतो, विलंब शुल्क मात्र आलेलं असतं. व्यवसाय कराचं विवरणपत्र ३० दिवसांच्या आत उशिराने भरलं तर २०० रुपये, त्यापुढे १,००० रुपये. ही रक्कम किरकोळ वाटेल, पण त्यामागची नोटीस, खुलासा आणि पुन्हा अपलोड करायचे कागद यात तुमचे आणि आमचे चार दिवस जातात.

व्यवसाय कराचंच ताजं उदाहरण घ्या. ९ मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात महिला कर्मचाऱ्यांसाठीची सवलतीची मर्यादा दरमहा १०,००० रुपये वेतनावरून २५,००० रुपयांवर नेण्याची घोषणा झाली. चांगला निर्णय होता, आणि तो अमलातही आला, पण १ एप्रिल २०२३ पासून. काही ठिकाणी हिशेबनीसांनी मार्चच्या पगारातूनच कपात बंद केली. व्यवसाय कर पगारातून कापला नाही तरी मालकाला तो भरावाच लागतो, त्यामुळे तो महिना मालकाच्या खिशातून गेला. बातमी खरी होती, घोषणाही खरी होती. वाचायची राहिली ती फक्त तारीख.

अडत्यांना आणि व्यापाऱ्यांना २०१८ चा ऑगस्ट आठवत असेल. हमीभावापेक्षा कमी दराने खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला एक वर्ष कैद आणि ५०,००० रुपये दंड, अशी दुरुस्ती मंत्रिमंडळाने मान्य केल्याची बातमी आली आणि अनेक बाजार समित्यांमध्ये व्यापाऱ्यांनी खरेदी बंद केली. मूग-उडदाची आवक सुरू होण्याचेच दिवस होते. माल घेऊन आलेला शेतकरी अडकला, तोलाई-हमालीही थांबली. पुढे असा कायदा झालेलाच नाही असा खुलासा सरकारला करावा लागला, आणि ती तरतूद कायद्यात आलीही नाही. व्यापाऱ्यांची भीती आम्हाला समजते, कैदेची भाषा असली की कोणीही घाबरेल. पण त्या दिवशी बाजार समितीच्या कायद्यात एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

त्याच वर्षी आणखी एक गंमत झाली. सगळा शेतमाल बाजार समितीच्या नियमनातून मोकळा करणारं विधेयक नोव्हेंबरात विधानसभेत मंजूर झालं आणि विधान परिषदेत मागे घेतलं गेलं. म्हणजे एका सभागृहात मंजूर झाल्याची बातमीसुद्धा पुरेशी नसते. त्या आठवड्यात "आता परवान्याचं नूतनीकरण कशाला?" असं विचारणारे जे ग्राहक होते, त्यांना आम्ही "भरून टाका" म्हणालो होतो.

२०२१ चा प्रकार शेतकरी कंपन्यांनी लक्षात ठेवावा. केंद्राच्या तीन कृषी कायद्यांना उत्तर म्हणून राज्य सरकारने जुलै २०२१ मध्ये आपली तीन विधेयकं विधिमंडळात मांडली आणि लोकांच्या सूचनांसाठी दोन महिने खुली ठेवली. त्यात करार शेतीत हमीभावाचं संरक्षण होतं, शेतकऱ्याचे पैसे ठरावीक मुदतीत देण्याची अट होती. त्याआधी जानेवारीतच सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली होती. नोव्हेंबरात केंद्राचे कायदे रद्द झाले आणि डिसेंबरच्या अधिवेशनात राज्याने आपली विधेयकंही मागे घेतली. मधल्या काळात ज्यांनी या मसुद्यांवर विसंबून करारपत्रं छापून घेतली, त्यांच्याकडे रद्दी उरली.

मग कायदा झाला हे ओळखायचं कसं? नागरिकशास्त्र तुम्ही शाळेत शिकलाच आहात, म्हणून दोन्ही सभागृहं, राज्यपालांची संमती हे सगळं इथे पुन्हा सांगत बसत नाही. कागद हातात आला की पाहायच्या खुणा सांगतो. डोक्यावर ‘विधानसभा विधेयक क्रमांक’ असेल आणि शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असेल तर तो प्रस्ताव आहे. ‘महाराष्ट्र अधिनियम क्रमांक’ असेल आणि तो महाराष्ट्र शासन राजपत्रात आलेला असेल तर तो कायदा. राजपत्राच्या भाग चारमध्ये अधिनियम मराठीत येतात, भाग आठमध्ये इंग्रजीत.

कायदा आला तरी कलम १ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. राज्य शासन अधिसूचनेद्वारे जो दिनांक नियत करील त्या दिनांकास हा कायदा अमलात येईल, अशा अर्थाचं वाक्य तिथे असेल तर कायदा तयार आहे पण चालू नाही. आज ज्याखाली आपली दुकानं नोंदली जातात तो दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ सालचा, महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ६१. तो लागू झाला १९ डिसेंबर २०१७ पासून, आणि तोवर १९४८ चा जुना कायदाच चालू होता. राजपत्र आणि अंमल यांच्यामधल्या दिवसांत कुठला फॉर्म भरायचा, यावर आमच्या ऑफिसात तेव्हा रोज वाद व्हायचा. उत्तर सोपं होतं: ज्या दिवशी अर्ज करता त्या दिवशी जो कायदा चालू आहे, त्याचा.

एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. अध्यादेश हा प्रस्ताव नसतो. अधिवेशन चालू नसताना राज्यपाल अध्यादेश काढतात आणि तो कायद्याइतकाच बंधनकारक असतो. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर तो गळून पडतो, पण तोवर तो पाळायचा असतो. "अजून विधेयक कुठे पास झालंय?" म्हणून अध्यादेशाकडे दुर्लक्ष करणारे ग्राहकही आम्ही पाहिले आहेत. ही पहिल्या चुकीचीच उलटी बाजू.

अर्थसंकल्पाबद्दल थोडक्यात. करांबाबतची घोषणा आम्ही बाकीच्या घोषणांपेक्षा गांभीर्याने घेतो, कारण धन विधेयकावर, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकावर, विधान परिषदेला १४ दिवसांपलीकडे काही करता येत नाही आणि सरकारकडे विधानसभेत बहुमत असतंच. ती घोषणा सहसा कायद्यात येते. तरी दिनांक पाहायचाच. लेखानुदान म्हणजे पूर्ण अर्थसंकल्प येईपर्यंत चालवायचा खर्च, जसं २०२४ मध्ये फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला आणि २८ जूनला अतिरिक्त. पुरवणी मागण्यांमुळे, म्हणजे सरकारच्या वाढीव खर्चाच्या मंजुरीमुळे, तुमच्या रिटर्नमध्ये काहीही बदलत नाही, त्या बातमीवर फोन करू नये ही विनंती.

योजना आणि अनुदानं मात्र वेगळ्या वाटेने येतात. तिथे कायदा नव्हे, शासन निर्णय पाहायचा, ज्याला आपण सगळेच जीआर म्हणतो. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय घोषणेच्याच दिवशी, २८ जून २०२४ ला निघाला, म्हणून लोकांना वाटतं सगळंच असं झटपट होतं. बहुतेक योजनांत घोषणा आणि शासन निर्णय यांत बरेच महिने जातात आणि अटी शासन निर्णयात कळतात. यंत्र-अवजारांच्या अनुदानात तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करायची असते. अर्थसंकल्पी भाषण ऐकून शोरूममध्ये बयाणा देऊन आलेल्या शेतकरी बांधवांना आम्ही नंतर काहीही मिळवून देऊ शकत नाही, आणि तसं वचनही देत नाही.

थकीत करात सवलत देणाऱ्या अभय योजनेबाबत दरवेळी गोंधळ होतो म्हणून लिहितो. २०२२ च्या योजनेत जीएसटीपूर्वीच्या करांची थकबाकी होती: विक्रीकर, व्हॅट, व्यवसाय कर वगैरे. १०,००० रुपयांपर्यंतची थकबाकी माफ, आणि १० लाखांपर्यंतची थकबाकी असलेल्यांना ठरावीक अटींवर एकरकमी २० टक्के भरून मोकळं होण्याची सोय. अर्जाची मुदत होती. "माफ झालं" एवढंच ऐकून मोठ्या रकमेचे अर्ज न करणारे राहून गेले. आणि जीएसटीचा दंड त्यात बसवून द्या म्हणणाऱ्यांना आम्हाला नाही म्हणावं लागलं. पुढची अभय योजना येईल या आशेवर आजचा कर थकवणं हा धंदा नाही, जुगार आहे.

डॉक्टर मंडळींसाठी. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही आणि राज्याचा स्वतःचा तसा कायदा करण्याची चर्चा अनेक वर्षं चालू आहे. दर दोन-तीन वर्षांनी त्याचा मसुदा बातम्यांत येतो आणि "नवीन कायद्याखालीच एकदम रजिस्ट्रेशन करू" असं कोणीतरी सुचवतं. तुमची नोंदणी आजही १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखालीच होते, तीन वर्षांसाठी, आणि ती ३१ मार्चला संपते. मसुदा त्या तारखेला पुढे ढकलत नाही.

उलट, खरा बदल विधेयकाशिवाय आला. १४ जानेवारी २०२१ ला याच अधिनियमाखालचे नियम राजपत्रातून दुरुस्त झाले. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं, दरपत्रक लावणं या गोष्टी तेव्हा आल्या. विधिमंडळात त्यावर गाजलेली चर्चा नव्हती, त्यामुळे बऱ्याच रुग्णालयांना पाहणीला माणूस आला तेव्हाच कळलं. सगळे बातमीतल्या विधेयकाकडे पाहत असतात आणि नियम मागच्या दाराने घरात येऊन बसतात. आम्ही राजपत्र नियमित चाळतो ते यासाठी.

आता आमच्याबद्दलची तक्रार. "तुम्ही जुन्याच पद्धतीने भरून घेता, बाजारातला दुसरा सल्लागार म्हणतो गरजच नाही." आम्ही चालू कायद्याप्रमाणे भरतो, कारण तपासणीला येणारा अधिकारी चालू कायद्याप्रमाणेच विचारतो. पुढच्या अधिवेशनात काय होईल यावर आम्ही पैजा लावत नाही, तुमच्या परवान्यावर तर नाहीच. नूतनीकरणानंतर महिन्याभरात कायदा बदलला तर आमची फी वाया गेली असं तुम्हाला वाटू शकतं. तसं क्वचित होतं. पण न भरता राहिलेल्या नोंदणीमुळे बँकेचं कर्ज अडकलं, विमा कंपनीने रुग्णालयाला पॅनेलवर घेतलं नाही, बाजार समितीत गाळा मिळाला नाही, हे आम्ही त्याहून कितीतरी अधिक वेळा पाहतो. आणि जिथे खरंच काही लागत नाही तिथे आम्हीच सांगतो. दुकाने कायद्याखाली नोंदणीऐवजी नमुना ‘एफ’मधली सूचना पुरणारी लहान दुकानं आमच्याकडे आली, तेव्हा त्यांना मोठा फॉर्म कधी विकलेला नाही.

वार्षिक सेवा घेतलेल्या ग्राहकांना प्रत्येक अधिवेशन संपल्यावर आमच्याकडून एक संदेश जातो: तुमच्या धंद्याशी संबंधित कोणतं विधेयक कुठल्या टप्प्यावर आहे, अंमलाचा दिनांक ठरला आहे का, आणि तुम्ही काय करायचं. बहुतेक वेळा शेवटच्या रकान्यात ‘काही नाही’ असंच लिहिलेलं असतं, आणि त्यासाठीच तो पाठवतो. एखाद्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या असतील तर तुमच्या वतीने त्या मुदतीत लिहून देतो. याची फी वेगळी आहे, पण बाजार समितीतल्या चार अडत्यांनी किंवा एका गावच्या डॉक्टरांनी मिळून दिली तर परवडते, आणि एकट्याच्या पत्रापेक्षा अशा निवेदनाला वजनही येतं. वार्षिक सेवा नसलेल्यांनीही एखादा प्रश्न विचारायला संकोच करू नये. एका प्रश्नाचे पैसे आम्ही घेत नाही. मसुदा पूर्ण वाचून लेखी मत हवं असेल तर घेतो.

विचारताना बातमीचा फोटो पाठवण्याऐवजी शक्य असेल तर विधेयकाचा किंवा शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक पाठवा. पीडीएफ असेल तर पूर्ण पाठवा, पहिलं पान नको. सोबत तुमच्या सध्याच्या नोंदणीची मुदत कधी संपते तेही लिहा, कारण उत्तर अर्धं त्यावर अवलंबून असतं. मार्च महिन्यात फोन दुपारी चारनंतरच करावा. सकाळी आम्ही सगळे पोर्टलवर भरणा करत असतो, आणि त्या वेळात पोर्टल चाललं तर फोन उचलणार नाही.