सोमवारची पोटदुखी

"शाळेत जायचं म्हटलं की हिचं पोट दुखतं आणि शाळा बुडाली की दहा वाजता उड्या मारते. नाटकं, दुसरं काय!" पालकांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता राहवत नाही. पोटदुखीची कारणं अनेक असतात, ती तपासायला हवीतच. पण ज्या मुलाला वर्गात रोज कुणी चिडवतं, ढकलतं, खेळात मुद्दाम घेत नाही, त्याचं पोट खरंच दुखतं. आणि दहा वाजता खरंच थांबतं.

धोका समोर आला, किंवा नुसता आठवला, तरी मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला जागं करतं. तिथून निघालेलं एसीटीएच हे दुसरं संप्रेरक मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि त्या कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. गंमत पुढेच आहे. सीआरएचमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. वर तुंबलेलं, खाली घाई! म्हणून मळमळ, कळा आणि ऐन निघायच्या वेळी संडासाकडे धाव. शाळा टळली की हळूहळू सगळं ओसरतं. नुसतं नाटक असतं, तर मोठं आतडं त्यात कशाला सामील झालं असतं?

ही धोक्याची घंटा अधूनमधून वाजली तर बिघडत नाही. वाढलेलं कॉर्टिसॉलच हायपोथॅलॅमस आणि हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) यांतल्या ग्राहींना, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या रेणूंना, चिकटून सीआरएचचा नळ बंद करतं. पण रोज वाजली तर? कॉर्टिसॉल कायम चढलेलं राहील असं वाटतं ना? इंग्लंड-वेल्समधल्या एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासात उलटंच दिसलं. जोडीतल्या एकाचाच छळ झालेला, जनुकं दोघांची तीच. ताणाच्या चाचणीत छळ झालेल्याचं कॉर्टिसॉल पुरेसं वाढलंच नाही. (म्हणूनच 'कॉर्टिसॉल घटवा' म्हणत विकल्या जाणाऱ्या पुड्यांचं मला हसू येतं.)

"बघा, पोर घट्ट झालं," असं कुणी म्हणेल. पण छळ झालेल्या मुलांत ज्यांचं कॉर्टिसॉल असं मंदावलेलं, त्यांच्यातच वागणुकीच्या तक्रारी जास्त आढळल्या. शिवाय शरीरातला दाह आवरण्याचं कामही कॉर्टिसॉलकडेच असतं.

१९५८ साली ब्रिटनमध्ये एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांची माहिती संशोधक आजवर गोळा करत आलेत. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा वारंवार छळ झाला होता, त्यांची तब्येत पन्नाशीतही इतरांपेक्षा खालावलेली होती.