तिकिटाचा बॅलन्स : अमेरिकेत उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा ठरतो

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार एकटा उभा राहत नाही. त्याच्या नावाला जोडून उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार असतो आणि मतदाराने दोघांना मिळून एकच मत द्यायचं असतं, हा चालेल पण तो नको असं तिथे करता येत नाही. या जोडीला तिकडे तिकीट म्हणतात, दुसऱ्या नंबरच्या माणसाला रनिंग मेट (हा शब्द मूळचा रेसकोर्सवरचा, घोड्यांचा), आणि पहिल्यात जे कमी पडतंय ते दुसऱ्यात बघून घ्यायचं याला तिकीट बॅलन्स करणं म्हणतात. पहिला उत्तरेतला असेल तर दुसरा दक्षिणेतला, पहिला म्हातारा तर दुसरा तरुण, पहिला वॉशिंग्टनच्या बाहेरचा तर दुसरा सिनेटमध्ये केस पांढरे केलेला. आपल्याकडे यशवंतराव चव्हाणांपासून ज्याला बेरजेचं राजकारण म्हणतात त्यातलाच हा प्रकार, फक्त इथे बेरजेला दोनच आकडे असतात.

तिकीट हा शब्द आपल्या कानाला फसवतो. आपल्याकडे तिकीट मिळतं किंवा कापलं जातं ते एकेकाचं. तिकडे १९व्या शतकात बराच काळ सरकारने छापलेली मतपत्रिका हा प्रकारच नव्हता, पक्ष आपल्या सगळ्या उमेदवारांची नावं एका चिठ्ठीवर छापून वाटायचे आणि मतदार ती चिठ्ठी तशीच्या तशी पेटीत टाकायचा, ती चिठ्ठी म्हणजे तिकीट. म्हणून तिथे तिकीट 'मिळत' नाही, तिकिटावर आपलं नाव 'येतं'.

सुरुवातीला ही जोडीच नव्हती. मूळ घटनेत प्रत्येक इलेक्टरने (राष्ट्राध्यक्ष शेवटी ज्यांच्या मतांवर ठरतो ते राज्याराज्यांचे प्रतिनिधी) दोन मतं द्यायची, ज्याला सगळ्यात जास्त तो राष्ट्राध्यक्ष आणि दोन नंबरला येईल तो उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे हरलेल्यालाच शेजारच्या खुर्चीत बसवायचं. १७९६ ला तसंच झालं, जॉन अ‍ॅडम्स राष्ट्राध्यक्ष आणि विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष. १८०० ला जेफरसनच्या पक्षाने व्हर्जिनियाचे जेफरसन वर आणि न्यूयॉर्कचा एरन बर खाली अशी बॅलन्स केलेली जोडी दिली खरी, पण दोघांना सारखीच ७३ मतं पडली, बर काही मागे हटेना, आणि प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं तेव्हा कुठे जेफरसन निवडून आले. हा घोळ निस्तरायला १८०४ मध्ये १२वी घटनादुरुस्ती आली, दोन पदांची मतं वेगळी झाली आणि मग पक्षांना जोडी जुळवायला रान मोकळं झालं.

एक अट मात्र जुनीच राहिली. इलेक्टरला आपली दोन्ही मतं स्वतःच्याच राज्यात राहणाऱ्यांना देता येत नाहीत. कागदावर किरकोळ वाटते पण २००० साली हीच अट नडणार होती. जॉर्ज बुश टेक्सासचे गव्हर्नर, आणि त्यांनी निवडलेले डिक चेनी राहायला डॅलसजवळ, म्हणजे तेही टेक्सासचेच. टेक्सासची इलेक्टोरल मतं ३२. चेनींनी घाईघाईने आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली, जे त्यांचं मूळ राजकीय घर होतं. कोर्टात केस झाली, ती टिकली नाही. बुशना शेवटी मिळाली २७१ मतं आणि लागत होती २७०, म्हणजे तो फॉर्म भरला नसता तर काय झालं असतं बघा. याच चेनींची अजून एक गंमत म्हणजे बुशसाठी रनिंग मेट शोधायची जबाबदारी त्यांच्यावरच होती. मुलीसाठी स्थळं बघायला पाठवलेला मध्यस्थ शेवटी स्वतःच बोहल्यावर उभा राहिला.

बॅलन्स नेमका कशाकशाचा करायचा हे काळाप्रमाणे बदलत गेलं. १९व्या शतकात सगळं मुख्यतः भूगोल आणि पक्षातले गट यांच्यावर चालायचं आणि उमेदवाराला स्वतःला फारसं कोणी विचारायचंही नाही, कन्व्हेन्शनला, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनाला जमलेले डेलिगेट आणि त्यांच्यामागचे बॉस लोक मध्यरात्रीपर्यंत बसून ठरवायचे, ज्या गटाचा माणूस वर बसला नाही त्याची नाराजी दूर करायला खालची जागा द्यायची. पुढे धर्म आला (केनेडी कॅथलिक, म्हणून दक्षिणेतला प्रोटेस्टंट जोडीला), वय आलं (१९५२ ला आयझेनहॉवर ६२ चे आणि निक्सन ३९ चे), अनुभव आला, १९८४ ला जेराल्डिन फेरारोंच्या रूपाने मोठ्या पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदा बाई आली, आणि २०२० ला जो बायडन यांनी आधीच जाहीर करून टाकलं की माझी जोडीदार महिलाच असेल. त्यातून कमला हॅरिस आल्या, आणि त्यांच्या आजोळकडच्या तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावात बॅनर लागले.

आता यातली मुख्य मेख. बॅलन्स म्हणजे काय, तर आपल्यासारखा नसलेला माणूस शेजारी बसवणं. निवडणुकीच्या दिवसापुरता तो फायद्याचा असतो. पण राष्ट्राध्यक्ष मध्येच गेला तर पुढे फेरनिवडणूक नाही, आमदारांची बैठक नाही, हायकमांडचा निरोप नाही, तोच माणूस सरळ खुर्चीत बसतो. आपल्याकडच्या उपमुख्यमंत्र्याशी तुलना केली तर फरक लगेच कळतो. १९७८ ला वसंतदादा पाटलांबरोबर विदर्भातले नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले तेव्हा दोन काँग्रेसचा आणि दोन विभागांचा बॅलन्स साधला गेला, पण त्या पदाचा घटनेत उल्लेखच नाही, मुख्यमंत्री गेला म्हणून उपमुख्यमंत्री आपोआप वर चढत नाही. अमेरिकेत चढतो. आठ राष्ट्राध्यक्ष पदावर असताना वारले आणि एकाने राजीनामा दिला, म्हणजे नऊ वेळा हे घडलेलं आहे.

पहिला धडा १८४१ चा. व्हिग पक्षाचे विल्यम हेन्री हॅरिसन, टिपेकनूच्या लढाईचे हिरो, आणि जोडीला दक्षिणेची मतं यावीत म्हणून व्हर्जिनियाचे जॉन टायलर, जे मुळात डेमोक्रॅट पक्षातून रुसून आलेले. घोषणा होती 'टिपेकनू अँड टायलर टू', यमकासाठी मस्तच. हॅरिसन शपथेनंतर महिन्याभरात वारले. टायलर खुर्चीत बसले आणि व्हिगांच्या लाडक्या राष्ट्रीय बँकेचं बिल त्यांनी दोनदा व्हेटो केलं, एक वेब्स्टर सोडून सगळ्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि पक्षाने स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाला पक्षातून काढलं. घोषणेतलं 'टू' सगळ्यांना भारी पडलं.

त्याहून महागात पडला तो १८६४ चा बॅलन्स. यादवी युद्ध चालू, लिंकनचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन मेनचे, म्हणजे पार उत्तरेचे, त्यांच्यामुळे नवीन एकही मत येणार नव्हतं. त्यांचा पत्ता कट झाला आणि टेनेसीचे डेमोक्रॅट अँड्र्यू जॉन्सन आले. फुटून गेलेल्या राज्यांतल्या सिनेटरांपैकी हा एकच माणूस सिनेट सोडून गेला नव्हता, त्यामुळे कागदावर निवड एकदम चोख. शपथविधीलाच ते दारू पिऊन आले आणि लांबलचक बडबडले. सहा आठवड्यांनी लिंकनना गोळी लागली आणि गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचं पुढे काय करायचं हा प्रश्न या माणसाच्या हातात गेला. त्यांनी १८६६ चं नागरी हक्क बिल व्हेटो केलं, काँग्रेसने तो व्हेटो उलथवला, १८६८ ला महाभियोग झाला आणि एका मताने ते वाचले. लिंकनचा जोडीदार हॅम्लिनच राहिला असता तर काय, यावर तिकडे अजून वाद घालतात, आणि मला तरी तो वाद रिकामटेकडा वाटत नाही.

पण दरवेळी वाईटच झालं असंही नाही. १८८० ला गारफिल्डबरोबर न्यूयॉर्कच्या गटाला खूश करायला चेस्टर आर्थर आले, तो गट म्हणजे सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटून खाणारा, आणि आर्थर स्वतः न्यूयॉर्कच्या कस्टम हाऊसमधून हटवले गेलेले. गटाचे नेते कॉन्कलिंग म्हणत होते ही जागा घेऊ नकोस, आर्थरनी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी गारफिल्डची हत्या झाली आणि सगळ्यांनी कपाळाला हात लावला, पण याच आर्थरनी १८८३ ला सरकारी नोकरीसाठी परीक्षा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. १९०० ला न्यूयॉर्कचे बॉस प्लॅट यांना गव्हर्नर थिओडोर रूझवेल्ट डोईजड झाले होते, म्हणून त्यांना बढती देऊन उपराष्ट्राध्यक्षपदाच्या अडगळीत टाकायचं ठरलं. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लींचे मॅनेजर मार्क हॅना ओरडून सांगत होते की अरे या वेड्यात आणि राष्ट्राध्यक्षपदात एकच जीव आहे. सप्टेंबर १९०१ मध्ये तो एक जीव गेला.

या सगळ्यात नमुना म्हणून नेहमी सांगतात ती निवड १९६० ची, आणि ती जरा जवळून बघण्यासारखी आहे. ठिकाण लॉस एंजेलिसचं बिल्टमोर हॉटेल, जुलै महिना. १३ तारखेला रात्री जॉन केनेडींना उमेदवारी मिळाली, हरवलेल्यांत मुख्य होते सिनेटमधले बहुमताचे नेते, टेक्सासचे लिंडन जॉन्सन. दुसऱ्या दिवशी सकाळी केनेडी दोन मजले उतरून जॉन्सनच्या खोलीत गेले आणि जागा देऊ केली. खरोखर द्यायची होती की नुसती मानासाठी विचारायची होती यावर तिथे हजर असलेल्यांच्याही आठवणी जुळत नाहीत. वर कामगार संघटनांचे लोक आणि उत्तरेतले लिबरल भडकलेले, खाली जॉन्सनचे टेक्सासवाले भडकलेले, की एवढा मोठा माणूस त्या पोराच्या हाताखाली जाणार का, आणि मधे जॉनचे धाकटे भाऊ रॉबर्ट केनेडी दिवसभर जिन्याने खालीवर, एकदा तर जॉन्सननी नाव मागे घ्यावं म्हणून मनधरणी करायला. जॉन्सननी ते मनात ठेवलं, दोघांचं वैर शेवटपर्यंत टिकलं. संध्याकाळी मात्र डेलिगेटांनी आवाजी मतदानाने नाव पास केलं.

जॉन्सनही कच्च्या गुरूचा चेला नव्हता, त्याच वेळी ते टेक्सासमधून सिनेटलाही उभे राहिले, म्हणजे इकडे पडलो तर तिकडची जागा आहेच. नोव्हेंबरमध्ये टेक्सास केनेडींना मिळालं ते २३ लाखांच्या आसपास मतांत फक्त ४६ हजारांनी. दक्षिणेतली आणखी काही राज्यंही राहिली. बॅलन्स लागू पडला असं छातीठोक सांगता येतं ते हे एक उदाहरण. आणि पुढची कलाटणी अशी की दक्षिणेतल्या गोऱ्यांना धीर द्यायला आणलेल्या याच माणसाने, डॅलसच्या गोळीबारात केनेडी गेल्यावर खुर्चीत बसून, १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा पास करून घेतला. १९६५ च्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीपाशी बसून इमिग्रेशनच्या कायद्यावर सही केली, देशनिहाय कोटा गेला, आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर तिकडे जाऊ लागले. बिलामागचा विचार केनेडींचाही होता हे खरं. तरी न्यू जर्सी आणि शिकागोतल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीला जे लोक मोदक करायला जमतात त्यातल्या बऱ्याच घरांची सुरुवात त्या सहीपाशी आहे.

टेक्सासचा हा प्रयोग १९८८ ला डुकाकिसनी पुन्हा करून बघितला, मॅसॅच्युसेट्सचा उमेदवार आणि टेक्सासचे लॉइड बेंट्सन, अगदी १९६० चीच छापील प्रत. बेंट्सननी डिबेटमध्ये समोरच्या तिकिटावरच्या क्वेलला गप्प केलं पण टेक्सास काही आलं नाही. २००४ ला एडवर्ड्सना नॉर्थ कॅरोलायना आणता आलं नाही, २०१२ ला रायनना विस्कॉन्सिन. स्वतःचं राज्य खिशात घालून येणारा उमेदवार ही गोष्ट आता जवळपास संपल्यात जमा आहे, मतदार वरचं नाव बघून मत देतो. मग बऱ्याच सल्लागारांचं म्हणणं असं की बेरीज राहू दे, निदान वजाबाकी नको. वजाबाकी कशी होते ते १९७२ ला दिसलं. मॅकगव्हर्ननी शेवटच्या काही तासांत थॉमस ईगलटनना निवडलं, नंतर कळलं की त्यांना डिप्रेशनसाठी शॉक ट्रीटमेंट दिली होती, मॅकगव्हर्न आधी म्हणाले मी शंभर नाही हजार टक्के पाठीशी आहे आणि निवडीनंतर १८ दिवसांत ईगलटनना तिकिटावरून उतरावं लागलं. ४९ राज्यं गेली, अर्थात ती फक्त यामुळे गेली असं कोणी म्हणत नाही. तेव्हापासून कांदेपोह्यांचा कार्यक्रम फार कडक झाला. १९७६ ला कार्टरनी इच्छुकांना जॉर्जियातल्या आपल्या गावी घरी बोलवून तासनतास बोलणी केली, आणि आता वकिलांची टीम टॅक्सचे कागद, मेडिकल रिपोर्ट, जुनी भाषणं असं सगळं उकरते.

बॅलन्स न करताही जिंकता येतं. १९९२ ला क्लिंटन आर्कान्सॉचे आणि गोर शेजारच्याच टेनेसीचे, दोघं चाळिशीतले, दोघं बॅप्टिस्ट, दोघं मध्यममार्गी. तिकीट एकाच रंगाने दोनदा रंगवल्यासारखं, आणि तेच तरुण पिढीचं तिकीट म्हणून खपलं.

ट्रम्पनी दोन्ही करून बघितलं. २०१६ ला धार्मिक मतदारांना भरवसा वाटावा म्हणून माइक पेन्स घेतले, शांत, चर्चला जाणारे, इंडियानाचे गव्हर्नर. पण सिनेटचा अध्यक्ष म्हणून इलेक्टोरल मतांच्या मोजणीला बसणं हे उपराष्ट्राध्यक्षाचंच काम, आणि ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पच्या दबावाला न जुमानता पेन्सनी मोजणी पूर्ण केली. २०२४ ला ट्रम्पनी ७८ व्या वर्षी ३९ वर्षांचे जे. डी. व्हान्स घेतले, वयाचा तेवढा बॅलन्स, बाकी विचार तेच, आणि ओहायो तर आधीपासूनच खिशात होतं. समोर हॅरिसनी मिनेसोटाचे टिम वॉल्झ घेतले होते, माजी फुटबॉल कोच, शिकारीला जाणारे, गावाकडचे, म्हणजे पुस्तकात लिहिल्यासारखा बॅलन्स. ६ जानेवारी २०२५ ला उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने निकाल वाचून दाखवायचं काम हॅरिसकडेच आलं, ट्रम्प ३१२, हॅरिस २२६.