मशीन पेटत नाही? आधी वाटी बघा
(आमच्याकडून पेलेट ग्रिल घेतलेल्या ग्राहकांसाठी)

थंडी सुरू झाली, शेतात भरीत-पार्ट्या लागल्या की आमचा फोन थांबत नाही. रात्री नऊला कुणीतरी म्हणतं, "भाऊ, मशीन पेटस नही, नुसता धूर निघी ऱ्हायना." मागे पाहुण्यांचा गलका ऐकू येतो, वांगी तशीच कच्ची. आमचा कारागीर शहादा नाहीतर रावेर गाठतो, झाकण उघडतो, वाटीतली राख काढतो आणि मशीन पेटतं. दहा मिनिटांचं काम, पण त्याचा दिवस गेलेला असतो आणि तुमची पार्टीही.

वाटी म्हणजे फायरपॉट, ग्रिलच्या तळाशी जिथे पेलेट (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) जळतात ती. हॉपरमधले, म्हणजे पेलेट भरायच्या डब्यातले, पेलेट स्क्रू तिच्यात ढकलतो, गरम होणारा रॉड ते पेटवतो आणि पंखा हवा देऊन जाळ धरून ठेवतो. एवढंच यंत्र आहे. त्यामुळे बिघाड बहुतेक वेळा वाटीतच सापडतो.

आणि वाटी बिघडते ती पेटवताना नाही, आदल्या खेपेला बंद करताना. जेवणं झाली, सगळे दमले, कुणीतरी भिंतीवरचं बटण खटकन बंद केलं. इथेच सगळं चुकतं. मशीनवरचं 'बंद'चं बटण दाबलं की स्क्रू थांबतो, पण पंखा चालू राहतो आणि वाटीत उरलेले पेलेट जाळून संपवतो. पंखा आपोआप थांबेपर्यंत बोर्डाच्या बटणाला हात लावू नका. वीज तोडली तर पंखाही थांबतो. अर्धवट जळालेले पेलेट वाटीत धुमसत राहतात. कधीकधी धग स्क्रूच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकते, हा त्यातला धोक्याचा भाग. ती सरकली नाही तरी पुढच्या वेळी रॉड राख-कोळशाखाली गाडलेला असतो.

मग पुढचा प्रकार. मशीन पेटत नाही म्हणून पुन्हा 'चालू' दाबलं जातं. पुन्हा. तिसऱ्यांदा. दर वेळी स्क्रू नवे पेलेट टाकतो, वाटी शिगोशीग भरते, पांढरा दाट धूर कोंडतो आणि कधीतरी तो एकदम भडकतो. एका ग्राहकाच्या मिशा गेल्या. तो आता हसून सांगतो, त्या रात्री हसत नव्हता. म्हणून एकदा पेटलं नाही तर दुसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, वाटी रिकामी करा, मगच पेटवा.

पेटवायची रीत तुम्हाला माहीत आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. आमच्या मशीनचं झाकण पेटवताना उघडं ठेवायचं. दाट पांढरा धूर विरळ होऊन जाळाचा फुरफुर आवाज आला की झाकण लावा, साधारण पाच-सात मिनिटं लागतात. हॉपर मध्येच पूर्ण रिकामा झाला असेल तर नळीही रिकामी असते. अशा वेळी वाटीत मूठभर पेलेट हाताने टाका, नाहीतर रॉड कोरडाच तापत राहतो.

शेतातल्या कनेक्शनवर व्होल्टेज पडलेलं असतं, तेही लक्षात ठेवा. २३० व्होल्टऐवजी १७० मिळाले तर रॉडची उष्णता जवळपास निम्म्यावर येते. मशीनमध्ये दोष नसतो, तरी शिव्या आम्हालाच. पेटताना मशीन सुमारे ३०० वॅट घेतं, पेटल्यावर पंखा आणि स्क्रू मिळून ५०च्या आसपास. घरचा इन्व्हर्टर हे सहज ओढतो. इन्व्हर्टर नसेल आणि मध्येच लाईट गेली तर हॉपरचं झाकण घट्ट लावून ठेवा. लाईट आल्या आल्या लगेच 'चालू' दाबू नका, वाटी बघा.

आता पेलेट. "तुमचे पेलेट महाग, बॉयलरवाल्याकडे निम्म्यात मिळतात," हे आम्ही रोज ऐकतो. मिळतात, खरं आहे. पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या), तूरकाट्या, भुईमुगाची टरफलं यांचे ते पेलेट बॉयलरसाठी चांगलेच असतात. पण लाकडाच्या चांगल्या पेलेटची राख शंभर किलोमागे एक किलोच्या आत असते, शेतकचऱ्याची त्याच्या कितीतरी पट. ती वितळून वाटीत काचेसारखे खडे धरते, मग पेचकसाने ठोकत बसा. शिवाय कपाशीवर किती फवारण्या होतात हे आपल्याला कुणी सांगायला नको, आणि त्याच धुरावर आपण जेवण भाजतोय. भुशात प्लायवूडचा भुसा असेल तर त्यात डिंक आणि रंगही आला. आम्ही फक्त बाभूळ आणि आंब्याच्या लाकडाचे पेलेट देतो. बाहेरून घेतले तरी हरकत नाही, फक्त लाकडाचेच घ्या आणि एक मोडून बघा. चांगला पेलेट चकाकतो आणि कट्कन तुटतो. दमट झालेला बोटांत चुरतो. पावसाळ्यात हॉपर भरलेला ठेवला तर पेलेट फुगून नळीत भुसा घट्ट बसतो. तो काढायचा तर स्क्रू खोलावा लागतो, आणि हे काम वॉरंटीत येत नाही. हंगाम संपला की हॉपर रिकामा करा, पेलेट झाकणाच्या डब्यात ठेवा.

राख दर दोन-तीन वापरांनंतर काढा, मशीन गार असताना. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने कोमट राख ओढून एकाने पिशवीच पेटवली होती. राख पत्र्याच्या बादलीत, झाकण लावून, एक दिवस बाहेर ठेवा, मग उकिरड्यावर टाका. तेलाचा ट्रेही पुसत जा, चिकनवाल्यांनी तर नक्कीच. आतल्या तापमानाच्या सेन्सरवर काजळी बसली की आकडा खोटा दिसतो. त्यावरून ओलं फडकं फिरवलं की पुरे.

भरिताचं खरं सांगतो. तूरकाट्यांच्या जाळावर भाजलेल्या बामणोदच्या वांग्याची चव ही त्या जाळाचीच. आम्ही ती देऊ असं म्हणणार नाही. पण शंभर माणसांची वांगी एकसारखी भाजायची, धुराने डोळे न चोळता, तर वांग्यांना टोचे मारा, तेलाचा हात लावा, २३० अंश सेल्सिअसवर पाऊण तास ठेवा आणि मध्ये एकदा पलटा. साल सुटते, गर मऊ होतो. लाकडी बडगीत ठेचायचं काम मात्र तुमचंच.

भेटीचे पैसे घेतो म्हणून काही जण नाराज होतात. पार्ट खराब निघाला आणि वॉरंटी असेल तर आम्ही भेटीचं काही घेत नाही. फक्त राख निघाली तर गाडीचं पेट्रोल आणि कारागिराचा दिवस धरतो. चंपाषष्ठीच्या आधी मशीन दुकानात आणून दिलं तर वाटी, रॉड आणि नळी आम्ही कमी दरात साफ करून देतो. त्या आठवड्यात मात्र नंबर लागायला वेळ लागतो.

फोन करण्याआधी जाळी उचला, वाटीचा फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. बऱ्याचदा आमचं उत्तर एकाच ओळीचं असतं, आणि तुमची वांगी त्याच रात्री भाजली जातात.