अस्तरातलं कथील

शंभर वर्षांपूर्वीचा कोट पेटीतून काढला की पुष्कळदा असं दिसतं: बाहेरची लोकर शाबूत, पण आतल्या परदेशी रेशमी अस्तराला सरळ चिरा जाऊन त्याच्या पट्ट्या लोंबतायत. बोट लावलं की भुगा हातात येतो. कसर लागली असती तर भोकं पडली असती. इथे रेशीम आतूनच मोडलेलं असतं आणि त्याची सुरुवात कारखान्यात झालेली असते.

कोशातून उकललेल्या धाग्यात मूळ तंतू फायब्रॉइन या प्रथिनाचा असतो आणि त्यावर सेरिसिन नावाचा डिंक. साबणाच्या गरम पाण्यात डिंक निघून गेला की रेशमाला मऊपणा आणि झळाळी येते, मात्र वजन जवळपास पाव हिश्शाने घटतं. किलोभर माल पाऊण किलो होतो. आणि रेशीम तर तोलून विकलं जाई! त्यातच 1850 च्या दशकात पेब्रिन रोगाने फ्रान्समधले रेशीमकिडे मेले, कच्चं रेशीम महागलं.

घट भरून काढायची युक्ती युरोपातल्या रंगाऱ्यांकडे होती. काळ्या रेशमात ते लोह आणि टॅनिन (झाडांच्या सालीतला तुरट पदार्थ) मुरवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कथील आलं: धागा टिन क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचा, मग सोडियम फॉस्फेटच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. दरवेळी तंतूच्या आत क्षार साठत जात. असं वजन दुप्पटही करता येई. विरळ कापड जड, भरदार भासे, अंगावर छान पडे. अस्तराला आणखी काय हवं?

पण प्रथिनांच्या साखळ्या प्रकाशाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने तुटतात, आणि धातूचे क्षार ते तुटणं झपाट्याने वाढवतात. घामातलं मीठही घातक. अस्तर तर काखेत, पाठीवर घामानेच भिजणार. ताण्यात, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांत, क्षार जास्त असतील तर ताणा आधी तुटतो, म्हणून चिरा इतक्या सरळ.

सगळं आयात रेशीम असं नव्हतं, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. मुंबई बंदरात उतरलेलं कच्चं चिनी रेशीम येवल्याच्या मागांवर जाई. त्या काळच्या कितीतरी पैठण्या अजून नेसता येतात.

अस्तराचा सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून पेटवून पाहा. शुद्ध रेशीम केस जळल्यासारखा वास सोडून आक्रसतं, काळी गुठळी होते आणि ती चिमटीत चुरडते. कथील भरलेला धागा जळाल्यावरही धाग्याच्याच आकारात उभा राहतो, राखेचा.