तापातील आकडी

तापातील आकडी : लहान मुलांना तापाच्या भरात येणारे झटके. वय साधारण ६ महिने ते ५ वर्षे, ताप ३८° से. किंवा अधिक आणि मेंदूला जंतुसंसर्ग नाही, अशा वेळी हे निदान होते. १०० मुलांपैकी २ ते ५ जणांना ही आकडी येते. दीड वर्षाच्या आसपास सर्वाधिक. आईवडिलांना किंवा भावंडांना ती लहानपणी आलेली असल्यास शक्यता वाढते.

मूल एकाएकी शुद्ध हरपते, डोळे फिरवते, अंग ताठ होते, हातपाय झटके देतात, ओठ निळसर पडतात. मूल हातचे गेले असेच पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आकडी ५ मिनिटांच्या आत आपोआप थांबते. म्हणून आधी घड्याळ पाहावे. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही फार लांब वाटते आणि पुढचे उपचार या वेळेवरच ठरतात. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नये. जीभ गिळली जाते हा समज चुकीचा आहे. चमच्याने दात मात्र तुटतात आणि पाणी श्वासनलिकेत जाते. हातपाय दाबून धरू नयेत.

आकडी ५ मिनिटांत थांबली नाही, तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. झटके थांबवणारी औषधे म्हणून मिडॅझोलाम नाकात किंवा गालाच्या आत, डायझेपाम गुदद्वारावाटे देता येते. मात्रा वजनावर ठरते. रुग्णालयात श्वसनाकडे लक्ष देतानाच रक्तातील साखर तपासतात, कारण साखर उतरल्यानेही झटके येतात.

पहिल्या आकडीनंतर मूल शुद्धीवर आले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खरी धास्ती मेंदूज्वराची असते. मान ताठ, डोक्यावरची टाळू फुगलेली, न उतरणारी गुंगी, दाबूनही न मावळणारे जांभळट पुरळ यांपैकी काही दिसल्यास पाठीतील पाणी तपासावे लागू शकते. आकडी १५ मिनिटांहून लांबली, एकाच बाजूला आली किंवा २४ तासांत पुन्हा आली, तरी अधिक तपास लागतो. यांपैकी काही नसलेल्या साध्या आकडीत मेंदूचा आलेख (ईईजी) किंवा स्कॅन सहसा लागत नाही.

सुमारे एक तृतीयांश मुलांना पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, पण पुढची आकडी टळत नाही. त्यामुळे ‘औषध वेळेवर दिले नाही म्हणून असे झाले’ असा दोष आईवडिलांनी स्वतःला देण्याचे कारण नाही. साध्या आकडीने बुद्धीवर परिणाम होत नाही.