फुलमेटल अल्केमिस्ट आणि ब्रदरहुड: दुसरा भाग समजून पाहू नका

"ब्रदरहुड म्हणजे फुलमेटल अल्केमिस्टचा सीझन टू ना?" हे मला आतापर्यंत इतक्या पोट्ट्यांनी विचारलं की आता एकदाचं लिहूनच टाकतो, दरवेळी तोंड दुखवायला नको. फुलमेटल अल्केमिस्ट हे जपानी कार्टून, म्हणजे ॲनिमे, आणि ब्रदरहुड ही त्याच नावाने नंतर आलेली मालिका. तर नाही बाप्पा, सीझन टू नाही. जुन्याला नवा रंग मारून आणलंय असंही नाही. एकच गोष्ट, एकाच स्टुडिओने, दोनदा अगदी शून्यापासून सांगितली आहे. अर्ध्या वाटेपर्यंत दोघी सोबत चालतात आणि मग एक वडशाकडे वळते, एक ब्रह्मपुरीकडे.

हे मी काही अभ्यास करून शिकलो नाही, फसून शिकलो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, दिवाळी झालेली, धान कापणीला आलेलं आणि रानडुकरांनी उच्छाद मांडलेला, म्हणून रात्री बांधीवर जागलीला जायचं काम माझ्याकडे. तालुक्याच्या गावी एका मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं, फाइलींना नाव फक्त एफएमए (फुलमेटल अल्केमिस्ट) आणि पुढे नंबर, एक ते चौसष्ट. मचाणावर चादर गुंडाळून बसायचं, थोड्या थोड्या वेळाने उठून डबा बडवायचा, हाऽऽ करून ओरडायचं, की परत एअरफोन कानात. तीस भाग मस्त गेले. तोपर्यंत एका बेटावर एक जंगली पोरगं सापडलेलं, त्याच्या अंगाला एडचाच, म्हणजे आपल्या हिरोचाच, हात नि पाय, माझा जीव टांगणीला, आणि पुढचे दोन-चार भाग लावतो तर कुठला तरी परदेशी राजपुत्र, ज्याच्या अंगात दुसराच कोणी शिरलेला, सोबत एक चिमुकली पोरगी एवढासा पांडा घेऊन फिरून राहिली, आणि ते बेटावरचं पोरगं गायब. कोणी त्याचं नावही काढत नाही. मला वाटलं मलाच डुलकी लागली. मामाच्या दादाला फोन लावला.

"दादा, मधातले भाग गेले वाटते."

"गेले नाही रे, तूच झोपला असशील. डुकरं आली होती काय?"

झालं असं होतं की कार्ड भरणाऱ्याने एक ते तीस जुन्या मालिकेचे टाकले आणि तिथून पुढे नवीचे. त्याला तरी काय म्हणायचं, नाव तेच, पोट्टे तेच. जपानमध्ये तर दोन्हींचं नाव खरंच एकच आहे, ब्रदरहुड हे शेपूट इंग्रजीत लावलं. आणि माझ्या कानालाही काही खटकलं नाही कारण दोन्हींत एडचा आवाज रोमी पार्कचा आणि त्याच्या भावाचा, अलचा, रिए कुगिमियाचा. मस्टँग नावाच्या फौजी अफसराचा आवाज बदलला आहे, पण एक कान डुकरांकडे असताना इतकं कोण ऐकते.

आता दोन का झाल्या ते. हिरोमु अराकावाची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 2001 मध्ये एका मासिकात सुरू झाली, 2010 ला संपली, 27 पुस्तकं. पण टीव्हीवाल्यांनी ॲनिमे 2003 च्या ऑक्टोबरमध्येच सुरू केलं. तिकडे महिन्याला एक प्रकरण आणि इकडे आठवड्याला एक भाग, म्हणजे रोवणा चालूच आहे आणि तांदळासाठी पंगत बसून गेली. अराकावानेच सांगितलं की शेवट तुमचा तुम्ही करा. मग दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि लेखक शो आइकावा यांनी 51 भागांत आपला शेवट रचला. पुढे 2009 च्या एप्रिलमध्ये, मांगा संपत आली तेव्हा, त्याच बोन्स स्टुडिओने यासुहिरो इरिएला घेऊन परत पहिल्यापासून केलं, 64 भाग, आणि ते 2010 च्या जुलैमध्ये मांगासोबतच संपलं म्हणा ना. ते ब्रदरहुड.

झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजवायला सोपं आहे. समजा नाटक अर्धंच लिहून हाती आलं आणि मंडईची, म्हणजे गावच्या जत्रेची, तारीख तर ठरलेली, पोस्टर लागलेले, तर मंडळीवाले काय करतील? तिसऱ्या अंकापासून पदरचं घालतील. जुनी मालिका म्हणजे ते पदरचं घातलेलं नाटक, फक्त पदर भारी होता. (अराकावा स्वतः होक्काइदोच्या दूधवाल्या शेतकऱ्याची पोरगी आहे, स्वतःचं चित्र काढते तेव्हा चष्मा लावलेली गाय काढते. पुढे तिने शेतकी शाळेवर सिल्व्हर स्पून नावाची मांगा केली, तीही पाहा कधी, गोठा ज्याने काढला आहे त्याला जास्त समजते.)

हातात फाइल आली आणि कोणती ते कळत नसेल तर पहिला भाग लावा. लिओर गावातला भोंदू बुवा दिसला, चमत्कार दाखवून लोकांना नादी लावणारा, तर ती जुनी. सेंट्रल शहरात एक माणूस सगळं गोठवत सुटला आहे असं दिसलं तर ब्रदरहुड, तो बुवा त्यात तिसऱ्या भागात येते. मोबाईल आडवा धरल्यावर दोन बाजूंना काळे पट्टे आले तरी जुनीच समजा, ती जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाची आहे.

इथून पुढे गोष्ट थोडी फुटणार आहे, पाहायचं असेल त्याने थांबावं.

सुरुवात दोन्हींत एकच. एड आणि अल, मेलेल्या आईला किमयेने परत आणायला जातात, एडचा पाय जाते, अलचं अख्खं शरीर जाते, मग भावाचा जीव चिलखतात बांधायला एड हातही देते. त्यानंतर दोघंही परीस शोधत निघतात. पण चाल वेगळी. ब्रदरहुडला पुढची मोठी लढाई गाठायची घाई आहे आणि सुरुवातीचं लोकांनी 2003 ला पाहिलं असेल असं धरून ते पळत सुटते. टकर नावाच्या किमयागाराची चिमुकली पोरगी नीना, तिचं प्रकरण ब्रदरहुडमध्ये चौथ्या एकाच भागात आटोपलं. जुन्यात एड-अल त्या घरात राहतात, अभ्यास करतात, पोरीसोबत आणि तिच्या कुत्र्यासोबत खेळतात, आणि मग ते होते. मी तेव्हा मचाणावरून उतरून उगाच धुऱ्यावर चक्कर मारून आलो होतो, डुकरं नव्हती तरी. मस्टँगचा दोस्त ह्यूज, त्याचंही तसंच. नव्यात तो दहाव्या भागात जाते, जुन्यात पंचविसाव्या. पंचवीस भाग तो पोरीचे फोटो दाखवून दाखवून सगळ्यांचं डोकं खाते, मग तो गेला की मोहल्ल्यातलं माणूस गेल्यासारखं वाटते. दहाव्या भागात वाईट वाटते, पण तेवढं नाही.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती होमुनक्युलसवरून, म्हणजे किमयेतून झालेले माणसासारखे राक्षस, पापांची नावं लावलेले, कारण नावं तीच आणि माणसं वेगळी. जुन्यात रॅथ म्हणजे ते बेटावरचं पोरगं, नव्यात रॅथ म्हणजे स्वतः देशाचा सर्वेसर्वा किंग ब्रॅडली. जुन्यात ब्रॅडली हा प्राइड, आणि नव्यात प्राइड कोण ते सांगत नाही, शिव्या खाईन. स्लॉथ नव्यात एक आडदांड ढिम्म गडी, भुयार खोदत राहते आणि कंटाळा आला म्हणते. जुन्यात स्लॉथला एड-अलच्या आईचा चेहरा आहे. हे वाचून थांबा जरा. मेलेल्या माणसाला परत आणायला गेलं आणि फसलं की जे उरते तो होमुनक्युलस, असा जुन्याचा नियम, म्हणजे प्रत्येक राक्षस कोणाच्या तरी रडण्यातून झालेला. नव्यात सातही जण एकाच 'फादर'ने आपल्यातून काढून टाकलेली पापं आहेत. लढाईला ते बरं पडते, शत्रू एक, सगळे मिळून त्याच्यावर, आणि ब्रिग्जच्या बर्फातली ती ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग तलवार घेऊन उभी राहिली की शिट्टीच निघते तोंडातून. ती जुन्यात नाहीच.

आणि खरा फरक मला वाटते तो किमयेच्या मूळ नियमाचा, जेवढं द्याल तेवढंच मिळेल. ब्रदरहुडच्या शेवटी अल म्हणते की दहा मिळाले तर त्यात आपला एक टाकून अकरा परत द्यायचे. गोड आहे, माझ्या आईला सांगितलं तर तीही म्हणाली पोरगा गुणाचा आहे. जुन्यात शेवटाकडे दान्ते नावाची बाई एडला धरते, की तुझ्यासोबत सरकारी किमयागाराच्या परीक्षेला जे बसले होते त्यांनीही तेवढीच मेहनत केली, मग त्यांना का नाही मिळालं? एडजवळ उत्तर नसते. आमच्या गावचे सोळा पोट्टे पोलीस भरतीसाठी पहाटे रोडवर धावत होते, दोन लागले. बाकीचे चौदा कमी धावले असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. म्हणून सगळे ब्रदरहुडला एक नंबर देतात तरी मी जुनीच्या बाजूने बसतो. ब्रदरहुड जास्त नीट बांधलेली आहे, हे मान्य, शेवटही पक्का, एकही धागा लोंबत नाही. पण रात्री झोप उडवली ती जुनीने.

आता हाच हिशोब सगळीकडे लावू नका. हंटर एक्स हंटर हे ॲनिमेही 1999 चं आणि 2011 चं असं दोन आहे, तिथे सरळ 2011 लावा, 148 भाग आहेत, सहा महिने निघतात. गेममध्ये रेसिडेंट ईव्हिल फोर 2005 चा आणि 2023 चा, तिथे कोणताही खेळा, गोष्ट तीच, मी दादाच्या कॉम्प्युटरवर जुनाच खेळलो आणि त्या कॉम्प्युटरवर नवा चालणारही नाही. फुलमेटलला मात्र माझा क्रम असा, जुनी आधी, पूर्ण, मग पंधरा दिवस काही पाहायचं नाही, मग ब्रदरहुड. ज्याला एकच पाहायची आहे त्याने ब्रदरहुड पाहावी, मी रागावणार नाही.

एक राहिलं. 2005 चा जो सिनेमा आहे, कॉन्करर ऑफ शांबाला, तो फक्त जुनीचा शेवट आहे, ब्रदरहुडनंतर लावायचा नाही. मामाच्या दादाने, ज्याने मला झोपाळू ठरवलं होतं त्यानेच, लावला. रात्री साडेअकराला फोन.

"काहून रे, हा एड जर्मनीत काय करून राहिला?"

मी म्हटलं, मधात तूच झोपला असशील दादा.